दहा टेबलांचे वतन

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाच्या पूर्व कडेला, ११४ वा रस्ता प्लेझंट ॲव्हेन्यूला मिळतो त्या कोपऱ्याजवळ, एक छोटे इटालियन उपाहारगृह आहे. आत टेबले दहा. आठवड्यातून पाच संध्याकाळी चूल पेटते; शनिवार-रविवार दार बंद. १८९६ पासून ते एकाच गोतावळ्याच्या हाती आहे. आणि तिथे जेवायला जायचे कुणी ठरवले, तर बहुधा जाता येत नाही. दहाही टेबले वर्षानुवर्षे कुणाच्या ना कुणाच्या नावावर लागलेली आहेत. (धागा)

या जागेचे नाव रेओज. मूळ इटालियन आडनावाची इंग्रजी अक्षरे नेमकी तीच, जी मराठी माणूस ‘राव’ लिहिताना वापरतो. त्यामुळे पाटी पाहून एखाद्याला भलताच आपलेपणा वाटण्याचा संभव आहे. संबंध काही नाही. उच्चार ‘रेओ’.

ही कथा वरवर पाहता एका खानावळीची आहे. पण तिच्या आत एक पेच दडलेला आहे. वस्तीतल्या माणसांसाठी उघडलेली जागा, वस्तीच उठून गेल्यावर कुणाची उरते?

प्रारंभ गुत्त्यापासून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधले पुष्कळसे गुत्ते बिअर बनवणाऱ्या कारखानदारांच्या मालकीचे किंवा त्यांच्या कर्जात बांधलेले असत. कारखानदाराने जागा द्यायची, चालवणाऱ्याने त्याचीच बिअर विकायची, असा तो व्यवहार. जॉर्ज एहरेट हा जर्मन वंशाचा मोठा बिअर-कारखानदार. त्याची ‘हेल गेट’ ब्रुअरी याच पूर्व किनाऱ्यावर, वीसेक रस्ते दक्षिणेला होती. त्याच्याकडून चार्ल्स रेओ यांनी १८९६ मध्ये ११४ व्या रस्त्यावरचा एक लहानसा गुत्ता विकत घेतला आणि त्याला आपले नाव दिले.

चार्ल्स रेओ ज्या लोकांत वावरत होते, ते कोण होते?

१८६१ मध्ये इटली एक राष्ट्र झाले खरे, पण त्या राष्ट्राचा भार दक्षिणेच्या शेतकऱ्यावर पडला. करांचा बोजा, तुकड्यातुकड्यांची जमीन, मलेरिया, आणि जमीनदार दूर शहरात. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत उतरले. त्यांतले बहुसंख्य दक्षिणेचे. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाजवळची मलबरी स्ट्रीटची वस्ती जगाला ठाऊक आहे, पर्यटक आजही तिथेच जातात. परंतु इटालियनांची याहून कितीतरी मोठी वस्ती उत्तरेला, पूर्व हार्लेममध्ये उभी राहिली. १९३० च्या दशकात अमेरिकेतली सर्वांत मोठी इटालियन वस्ती म्हणून तिचीच गणना होई.

या वस्तीचे दैवत म्हणजे माउंट कार्मेलची माता. १८८१ च्या उन्हाळ्यात सालेर्नो प्रांतातल्या पोल्ला गावच्या लोकांनी एका घराच्या अंगणात तिचा पहिला उत्सव केला. आपल्या गावची देवी परक्या मुलखात आणून बसवावी, तसाच हा प्रकार. १८८४ मध्ये ११५ व्या रस्त्यावर चर्च उभे राहिले. ते बांधायला इटालियनांचे हात राबले, पण वरच्या मुख्य दालनात त्यांना जागा नव्हती. तिथे आयरिश आणि जर्मन भाविक बसत. इटालियनांची प्रार्थना खाली तळघरात. हा शिरस्ता तीसहून अधिक वर्षे चालला. ज्या धर्मपीठाची गादी रोममध्ये आहे, त्याच धर्माच्या इटालियन भाविकांना न्यूयॉर्कमध्ये तळघराची पायरी दाखवली गेली. रॉबर्ट ओर्सी या अभ्यासकाने १९८५ मध्ये या उत्सवावर जो ग्रंथ लिहिला, त्यात हे सारे बारकाईने आले आहे. हा तळघराचा प्रसंग ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडेल.

चर्चपासून रेओजचा गुत्ता एका रस्त्याच्या अंतरावर.

आता थोडे अन्नाविषयी. टोमॅटोच्या लाल रस्स्यात बुडालेले मांसाचे गोळे आणि खाली शेवयांसारखा पास्ता, हे जगाला इटालियन जेवणाचे मुखचित्र वाटते. पण दक्षिण इटलीतल्या शेतमजुराच्या ताटात मांस सणासुदीला पडे. अमेरिकेत मजुरीही हाती येऊ लागली आणि मांसही स्वस्त मिळू लागले. जे सणाला एकदा मिळत होते ते दर रविवारी रांधता येऊ लागले. हासिया डायनर यांनी २००१ मध्ये लिहिलेल्या इतिहासात हाच मुद्दा मांडला आहे, की देशांतर करणाऱ्यांनी मायदेशातले रोजचे जेवण इकडे आणले नाही. तिथे ज्या जेवणाकडे ते डोळे लावून बसत, ते इकडे शिजवले. त्यामुळे न्यूयॉर्कच्या लाल रस्स्याला ‘अस्सल नाही’ म्हणून नाके मुरडणे फारसे शहाणपणाचे नाही. भुकेला जे स्वप्न पडले, त्याच्याशी तो रस्सा पुरेपूर प्रामाणिक आहे.

१९०९ मध्ये चार्ल्स रेओ वारले. त्यांच्या भावाने, जोसेफने, कारभार पाहिला. त्यानंतर चार्ल्स यांचे मुलगे लुई आणि व्हिन्सेंट यांच्याकडे तो आला. मध्यंतरी १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे अमेरिकेत दारूबंदी होती. गुत्ता चालवणाऱ्याचा धंदाच बेकायदा ठरला. वस्तीतल्या घराघरांत द्राक्षाची दारू गाळली जात होती, तेव्हा रेओजच्या तळघरातला व्यवहार थांबला नाही, अशी घराण्याची स्मृती सांगते. शहरातले इतर गुत्तेवाले तरी काय वेगळे करत होते!

१९२४ च्या कायद्याने मात्र खरा आघात केला. अमेरिकेने देशोदेशींच्या स्थलांतरितांना कोटा ठरवून दिला. इटलीच्या वाट्याला वर्षाकाठी चार हजारही जागा आल्या नाहीत. त्याआधी एकेका वर्षात दोन-दोन लाख माणसे येत होती. वस्तीला गावाकडून मिळणारे ताजे पाणी तुटले. जे होते, तेच आता पुरवून वापरायचे होते.

तरीही पुढची वीस वर्षे ही वस्ती ऐन भरात होती. फिओरेल्लो ला ग्वार्डिया १९२३ ते १९३३ या काळात इथून काँग्रेसवर निवडून जात होते. १९३४ मध्ये ते शहराचे महापौर झाले. त्यांचे शिष्य व्हितो मार्कान्तोनिओ यांनी इटालियन आणि नव्याने येऊ लागलेले पोर्तो रिकन, अशा दोघांचीही मते बांधून डाव्या विचारांचे राजकारण केले. लिओनार्ड कोव्हेलो हे शिक्षक स्वतः लहानपणी दक्षिण इटलीतून आलेले. शाळेत मुलांना आपल्या भाषेची लाज वाटते हे त्यांनी अनुभवले होते. १९३४ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूलचे मुख्याध्यापक झाल्यावर त्यांनी इटालियन भाषेला मानाचे पान दिले आणि शाळा वस्तीच्या प्रश्नांशी जोडली. त्या शाळेची भव्य इमारत १९४२ मध्ये प्लेझंट ॲव्हेन्यूवर, रेओजपासून अगदी हाकेच्या अंतरावर उभी राहिली. समोर थॉमस जेफरसन उद्यान, मागे चर्च, बाजूला शाळा. चारी अंगांनी भरलेल्या वस्तीच्या मधोमध हे उपाहारगृह होते, आणि त्या काळात त्याला कुणी विशेष मानतही नव्हते. कोपऱ्याकोपऱ्यावर अशा जागा होत्या.

मग वस्ती उठली.

एका रात्रीत नव्हे, आणि कुणी एकाने उठवलीही नाही. महायुद्धावरून परतलेल्या तरुणांना सरकारी कर्जे मिळाली. ब्राँक्स, क्वीन्स, लाँग आयलंड येथे अंगण असलेली घरे घेता आली. त्याच सुमारास शहराने पूर्व हार्लेमला ‘गलिच्छ वस्ती’ ठरवून तिच्यावर कुदळ चालवली. जुन्या चाळवजा इमारती पाडून उंच सरकारी गृहसंकुले बांधली गेली: १९४० च्या दशकात जॉन्सन, १९५० च्या दशकात वॅग्नर आणि जेफरसन. नव्या घरांना उत्पन्नाची मर्यादा होती. ज्याची कमाई थोडी बरी, त्याला तिथे जागा नाही. म्हणजे ज्यांनी दुकाने चालवली, पतपेढ्या आणि मंडळे सांभाळली, तेच कुटुंब आधी बाहेर.

जेन जेकब्ज या पुढे नगररचनेच्या जगप्रसिद्ध टीकाकार झाल्या, त्यांचे डोळे याच पूर्व हार्लेमने उघडले. १९५६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात नगररचनाकारांसमोर बोलताना त्यांनी याच वस्तीतल्या पाडलेल्या दुकानांचा दाखला दिला. नकाशावर ते नुसते ‘व्यापारी गाळे’ होते. वस्तीत मात्र तीच माणसांची भेटण्याची ठिकाणे होती. किल्ली ठेवायला, निरोप सांगायला, उधार मागायला, नोकरीची खबर काढायला. घरांच्या बदल्यात घरे बांधली गेली. दुकानांच्या बदल्यात काहीच बांधले गेले नाही.

इटालियन गेले तसे पोर्तो रिकन कुटुंबांचे प्रमाण वाढले. हा बदल गोडीगुलाबीने झाला, असे कुणी सांगू नये. जेफरसन उद्यानातल्या पोहण्याच्या तलावावर पोर्तो रिकन मुलांनी जाणे बराच काळ जोखमीचे होते. रस्त्यांच्या सीमा ठरलेल्या होत्या आणि त्या ओलांडणाऱ्याला मार बसे. जे एकदा तळघरात बसले होते, त्यांची मुले आता वरच्या दालनाची राखण करत होती.

रेओज या पाडापाडीतून वाचले. लुई १९५८ मध्ये वारले आणि सगळा भार व्हिन्सेंट यांच्यावर आला. ते याच आळीत वाढलेले. ग्राहकी ओसरलेली, शहराचा हा भाग बदनाम होत चाललेला. व्यापारी हिशेबाने पाहता दुकान उचलण्यास याहून योग्य वेळ नव्हती. व्हिन्सेंट हलले नाहीत. ते स्वतः जाळीवर मांस भाजत. पुढे त्यांच्या पत्नी ॲना स्वयंपाकघरात उतरल्या आणि त्यांनी घरचे दक्षिणी पदार्थ ताटात आणले. डोळ्यांवर काळा चष्मा आणि उंची कपडे अशा थाटात रस्सा ढवळणाऱ्या ॲना, आणि डोक्यावर काऊबॉयची हॅट घालून कोंबडी भाजणारे व्हिन्सेंट: या जोडप्याची चित्रे त्या काळच्या ग्राहकांच्या आठवणींत वारंवार येतात.

पदार्थ साधेच. व्हिन्सेंटच्या नावाने प्रसिद्ध झालेली लिंबाची कोंबडी म्हणजे आचेखाली खरपूस भाजलेले कोंबडीचे तुकडे आणि त्यावर लिंबाचा रस, ऑलिव्हचे तेल, थोडा व्हिनेगर, लसूण व ओरेगॅनो यांचे मिश्रण. मारिनारा रस्सा म्हणजे इटलीचे सालकाढे टोमॅटो, तेल, कांदा, लसूण, तुळशीच्या कुळातली बेझिलची पाने. साखर नाही. रस्सा दाट करायला वेगळी टोमॅटोची पेस्ट नाही, तो आटवायचा. यात गुपित म्हणावे असे काही नाही, फक्त घाई करायची नाही.

ऑगस्ट १९७७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षक मिमी शेरेटन यांनी रेओजला तीन तारे दिले. ज्या रस्त्यावर रात्री टॅक्सी यायला तयार नसे, तिथल्या दहा टेबलांच्या जागेला शहरातल्या भारी उपाहारगृहांच्या पंक्तीत नेऊन बसवले. दूरध्वनी थांबेना. नोंदणी महिनोन् महिने पुढे जाऊ लागली. आणि इथे घराण्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. दहा टेबले नव्या, श्रीमंत, अनोळखी गर्दीला दिली, तर पडत्या काळात ज्यांनी साथ दिली ती जुनी गिऱ्हाइके कुठे जाणार?

ॲना यांचा भाचा फ्रँक पेलेग्रिनो १९७० च्या दशकात इथे कामाला लागला होता. जो तोडगा निघाला, तो समजायला मराठी वाचकाला इंग्रजी शब्दाची गरज नाही. त्याला ‘वतन’ म्हणावे.

नेहमी येणाऱ्या प्रत्येकाला एक टेबल आणि एक वार लावून देण्यात आला. कुणाचा दर सोमवार, कुणाचा महिन्यातून एक गुरुवार, कुणाचे वर्षातून चार दिवस. त्या संध्याकाळी ते टेबल त्याचे. तो स्वतः येणार नसेल तर त्याने आपल्या वतीने माणसे धाडायची. टेबल रिकामे ठेवायचे नाही. संध्याकाळभर एका टेबलावर एकच पंगत, उठा म्हणणारे कुणी नाही. आणि धनी वारला, की तो हक्क पुढच्या पिढीकडे जातो. देशमुख-देशपांड्यांच्या वतनाशी साम्य इतके, की फरकही सांगितला पाहिजे. आपल्याकडचे वतन भाऊबंदकीत वाटले जाई, गहाण पडे, विकलेही जाई, आणि त्यामागे सनद असे. इथे कागद नाही. विक्री नाही. फार तर एखाद्या धर्मादाय संस्थेच्या मदतीसाठी एका संध्याकाळचे टेबल लिलावात ठेवले जाते, आणि त्यासाठी लोक हजारो डॉलर मोजतात. सनद म्हणजे फक्त घराण्याची ओळख. बाकीच्या सगळ्या विनंत्यांना फ्रँक एकच उत्तर देत. त्यामुळे त्यांना टोपणनावच पडले, ‘फ्रँकी नो’.

व्यवस्था म्हणून ती हुशार होती, यात शंका नाही. नवश्रीमंत शहराच्या तोंडावर दार लावून जुन्या नात्याचा मान राखणे, हे न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी सोपे नाही. व्हिन्सेंट आणि ॲना १९९४ मध्ये पाठोपाठ वारले. फ्रँक आणि व्हिन्सेंट यांचे भाचे रॉन स्ट्रासी यांनी ती तशीच चालवली. पण वतनाचा स्वभाव वतनासारखाच असायचा. पहिल्या पिढीत तो सेवेचा मोबदला असतो. तिसऱ्या पिढीत नुसता हक्क. टेबलाचे धनी हळूहळू लाँग आयलंडचे, वेस्टचेस्टरचे, वॉल स्ट्रीटचे, चित्रपटसृष्टीचे झाले. फ्रँक स्वतः मार्टिन स्कोर्सेसी यांच्या ‘गुडफेलाज’मध्ये आणि पुढे ‘द सोप्रानोज’मध्ये झळकले. गाड्या संध्याकाळी येत, रात्री जात. पलीकडच्या गृहसंकुलात राहणाऱ्या माणसाच्या लेखी त्या लाल दर्शनी भागाशी परिचय तेवढाच.

माफियाचा विषय टाळता येणार नाही, पण त्याला जितके महत्त्व दिले जाते तितके देण्याचे कारणही नाही. प्लेझंट ॲव्हेन्यू ही जेनोव्हेझी टोळीची पेठ होती. तिचा म्होरक्या म्हणवला गेलेला अँथनी सालेर्नो ११५ व्या रस्त्यावरच्या एका ‘क्लब’मधून कारभार पाहत असे, १९८६ मध्ये न्यायालयात तो दोषी ठरला. अशा आळीतल्या उपाहारगृहात अशी माणसे जेवायला येणारच. आणि २९ डिसेंबर २००३ च्या रात्री याच जागेत, गाणाऱ्या एका तरुणीची खिल्ली उडवली म्हणून एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याला गोळी घालून ठार केले. वर्तमानपत्रांना आठवडाभर पुरेल असा मजकूर मिळाला. काळजीने पाहणाऱ्याला त्यात दिसते ते वेगळेच: चित्रपटांनी जिला दंतकथा बनवले होते, त्या दंतकथेत खरोखरीचा एक माणूस मेला.

१९९२ मध्ये घराण्याने आपला मारिनारा रस्सा बरणीत भरून विकायला काढला. दहा टेबलांवर जागा नव्हती, बरण्यांना मर्यादा नव्हती. हा निर्णय टेबलांच्या वतनाच्या नेमका उलटा होता. जो मागेल त्याला, पैसे टाकेल त्याला. इतर कंपन्यांच्या रस्स्यापेक्षा किंमत बरीच जास्त, तरी खप वाढत गेला. लास वेगासमध्ये २००६ साली मोठी शाखाही निघाली, पण ती २०२१ मध्ये बंद झाली. टेबल सहज मिळणारे रेओज हे कदाचित लोकांना हवे असलेले रेओज नव्हतेच. बरणीचे मात्र तसे झाले नाही. फ्रँक पेलेग्रिनो जानेवारी २०१७ मध्ये वारले. त्याच वर्षी रस्स्याचा व्यवसाय सोव्होस ब्रँड्स या कंपनीकडे गेला, आणि मार्च २०२४ मध्ये सूप विकणाऱ्या कॅम्पबेल कंपनीने सोव्होस सुमारे २.७ अब्ज डॉलरना विकत घेतली. ११४ व्या रस्त्यावरचे उपाहारगृह या सौद्यात नव्हते. ते घराण्याकडेच राहिले. नाव एक, पण आता त्याचे मालक दोन.

चर्चचे काय झाले, तेही सांगायला हवे. दर १६ जुलैला माउंट कार्मेलच्या मातेची मिरवणूक अजून निघते. ज्या इटालियन कुटुंबांनी ही आळी सोडली, त्यांतले काही त्या दिवसापुरते परत येतात. पण गेल्या काही दशकांत तिथल्या गर्दीत हैतीहून आलेल्या भाविकांनी मोठी जागा घेतली आहे. ते आपल्या क्रिओल भाषेत प्रार्थना म्हणतात, आपली गाऱ्हाणी तिच्यापुढे मांडतात. त्यांना कुणी तळघरात पाठवत नाही. पोल्ला गावची देवी वारसाहक्काने कुणाच्या नावावर लागलेली नव्हती, म्हणून हे घडू शकले.

आणि प्लेझंट ॲव्हेन्यूवरून उत्तरेला दोन-तीन चौक चालत गेले, की वस्तीतले इटालियन जिथे मजुरी करत तो वॉशबर्न तारांचा जुना कारखाना लागत असे. कारखाना बंद पडला, इमारत गेली. तिथे आता ईस्ट रिव्हर प्लाझा हे बाजारसंकुल आहे. २००९ मध्ये त्यात मॅनहॅटनमधले पहिले कॉस्टको उघडले. या साखळीच्या दुकानांत रेओजचा रस्सा बरण्यांच्या जोडीने मिळतो. आसपासच्या घरांतल्या बाया महिन्याचा बाजार करायला गाड्या ढकलत तिथे येतात.